कांगुराच्या संपादकाला ३५ वर्षं, हा न्याय झाला का?

घाटमाथा: रवांडातल्या 'कांगुरा' ह्या पेपरचा संपादक हसन न्गेझे. १९९४ ला तिथे साधारण १०० दिवसांत हुतू कट्टरपंथीयांनी आठ लाखांच्या आसपास माणसं मारली, बहुतेक अल्पसंख्य तुत्सी समाजाची. ह्या माणसाने डिसेंबर १९९० लाच 'हुतूंच्या दहा आज्ञा' छापल्या होत्या, तुत्सी बाईशी लग्न करणारा किंवा तिला सेक्रेटरी ठेवणारा हुतू गद्दार, तुत्सींना दयामाया दाखवायची नाही वगैरे. १९९१ च्या एका अंकाच्या कव्हरवर तर कोयता, आणि बाजूला सवाल, की झुरळांचा, म्हणजे तुत्सींचा, कायमचा बंदोबस्त कुठल्या हत्याराने करायचा! अरुशाच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने २००३ ला जन्मठेप दिली, २००७ ला अपिलात ३५ वर्षांवर आणली. का, तर कोर्टाची हद्द फक्त १९९४ सालापुरती. म्हणजे विष पेरलं ती वर्षं हिशोबातच नाहीत. डोकं फिरतं.

रात्रपाळी: हद्द हे एकच कारण नाहीये, कटाचा आरोपही अपिलात टिकला नाही. आणि कांगुराचा शेवटचा अंक मार्च ९४ चा, राष्ट्राध्यक्षांचं विमान पडलं ६ एप्रिलला, कत्तल सुरू झाली त्यानंतर. अंक वाचून कोणी कोयता उचलला हे सिद्ध कसं करणार? नाक्यानाक्यावर ओळखपत्रं तपासून माणसं कापत होते ते इंटरहाम्वे ही हुतू टोळी आणि सैनिक, त्यांच्यामागे सरकारी अधिकारी. पेपरवाल्याला खुन्यांच्या रांगेत बसवलं की उद्या नकोसा प्रत्येक पत्रकार त्याच रांगेत. रवांडातच २००८ चा 'नरसंहार विचारसरणी'विरोधी कायदा पुढे टीकाकारांवरच वापरला ना?

घाटमाथा: तो कायदा वाईट होता, मान्य. पण १९४८ च्या नरसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय करारात उघड चिथावणी हाच स्वतंत्र गुन्हा आहे, मुडदा पडला की नाही हे सिद्ध करायला लागतच नाही. आणि मार्च ९४ ला कांगुरा आणि आरटीएलएम ह्या तुत्सीविरोधी रेडिओने मिळून स्पर्धा घेतली होती, उत्तरं कांगुराच्या जुन्या अंकांत शोधायची! बक्षिसाच्या नादाने लोकांनी तेच अंक परत उघडावेत म्हणूनच ना?

रात्रपाळी: खालच्या कोर्टाने हेच म्हटलं होतं, अपिलात ते मान्य झालं नाही. तुम्ही नेमकं अर्धंच सांगताय.

चहाटपरी: मध्येच पडतो. न्यूरेंबर्गला नाझींवरच्या खटल्यात १९४६ ला 'डेअर श्ट्युर्मर' ह्या ज्यूद्वेष्ट्या पेपरवाल्या श्ट्राइखरला फाशी झाली आणि नाझी रेडिओवरचा फ्रिट्शे सुटला, तेव्हा रेघ कुठे ओढायची हा घोळ जुनाच आहे. पण न्गेझे नुसता लिहिणारा नव्हता हो, रवांडातल्या गिसेन्यी गावात हत्येला मदत केल्याचा दोष अपिलातही कायम राहिला. वर त्याने काही ओळखीच्या तुत्सींना वाचवलं हेही कोर्टाने मानलं, म्हणजे आपल्या शब्दाला किती वजन आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

रात्रपाळी: मग गिसेन्यीसाठी द्या ना शिक्षा, मी कुठे अडवलंय. १९९० च्या लेखासाठी नको एवढंच म्हणतोय.

घाटमाथा: आणि त्या दहा आज्ञा? त्या कोणाच्या खात्यावर टाकायच्या?