ऑफिसातली बचत: काय चालतं, काय अडतं?

शाईपेन
रद्दी काढताना डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे जुने पाठकोरे निघाले. पूर्वी त्यांच्या वह्या शिवायचे ते आठवलं, म्हणून हा चर्चेचा धागा. वीज, पाणी, कागद, कचरा, काहीही लिहा, पण नेमकं.
माझ्याकडून: प्रिंटरच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये दोन्ही बाजू कायमच्या लावून ठेवा. दर वेळी निवडायचं म्हटलं की कुणी निवडत नाही. उभ्या पानाला 'लाँग एज', पुस्तकासारखं उलटायच्या आडव्या पानाला 'शॉर्ट एज'. चुकलं तर मागची बाजू उलटी येते आणि अख्खी प्रत रद्दीत.

चौथा मजला
पाठकोरे मेन ट्रेमध्ये नकोत! एकदा तापून निघालेला कागद वळतो, मग अडकतो. सपाट दाबून मॅन्युअल फीडमध्ये थोडे थोडे घाला. आधी पिना काढा, एक जरी राहिली तरी प्रिंटरच्या आतल्या ड्रमला ओरखडा पडतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर रेघ. पगारपत्रकं, आधारच्या प्रती मात्र थेट श्रेडरला.

वीजबिल
एसी २४ वर. बीईईच्या (वीजबचतीचं काम पाहणारी सरकारी संस्था) हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. साध्या एसीत १८ लावून खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर त्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही. सोबत पंखा मंद ठेवा.
फिल्टर १५ दिवसांनी धुवा: पुढचं झाकण उघडा, जाळी काढा, मागच्या बाजूने साधं पाणी सोडा. सावलीत वाळवा. कडक उन्हात प्लॅस्टिक वाकतं, मग जाळी खाचेत बसत नाही.

लोकलवाली
सेंट्रल एसीवाल्यांनी काय करायचं? रिमोटच नाही 😔

वीजबिल
@लोकलवाली, थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान बघून एसी कमी-जास्त करणारा डबा) कुठे आहे ते ऑफिसच्या फॅसिलिटीवाल्यांना विचारा. झेरॉक्सशेजारी किंवा उन्हाच्या भिंतीवर असला तर त्याला खोली कायम गरम वाटते आणि माणसं शाली पांघरून बसतात. जागा बदलून मिळते, मागे लागा.

टॅबबंद
स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, स्क्रीन चालूच असते. ५ मिनिटांत स्क्रीन बंद, १५ मिनिटांत स्लीप. घरून रिमोटने ऑफिसचा पीसी वापरत असाल तर स्लीप नको, मशीन सापडणार नाही. तेव्हा फक्त मॉनिटर बंद.

आल्याचा चहा
कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून रद्दीवाला घेत नाही. स्टीलचे पेले आणा. पण ते धुवायचा ढीग मावशींवर टाकू नका प्लीज, ज्याचा पेला त्याने विसळावा.

लोकलवाली
+१ मावशींसाठी. आरओचं सोडलेलं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला, संडासात ओतायला चालतं. कुंड्यांना नको, क्षार साचतात.

चौथा मजला
आणि चहाचा चोथा? थेट कुंडीत घालतात लोक, मग मुंग्या.

आल्याचा चहा
दूधसाखर असते ना त्यात. गाळण्यातच धुवा, निथळू द्या, कागदावर पसरून वाळवा. मग कुंडीला मूठभर, मातीत कालवून. वर थर राहिला की बुरशी धरते.

शाईपेन
विषयांतर, पण गवती चहा ऑफिसच्या खिडकीत जगेल का?

आल्याचा चहा
५-६ तास ऊन येत असेल तर जगेल. कुंडी १२ इंची घ्या, खालच्या भोकावर खापरी ठेवा, नाहीतर मुळं कुजतात. शनिवार-रविवार पाणी कोण घालणार ते आधी ठरवा.