रक्तदान हा उपाय अर्धाच
टेस्टोस्टेरॉनचं औषध घेताना हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) वाढलं की रक्तदान करून मोकळं व्हायचं, असं काही जण सांगतात; हे मत मला अर्धंच पटलं. आकडा उतरतो खरा, पण सारखं रक्त देत राहिलं की शरीरातलं लोह आटतं. माझं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) इतकं घसरलं की जिना चढताना धाप लागायची, आणि मी समजत होतो टेस्टोस्टेरॉनच कमी पडतंय! हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवणं किंवा डोस कमी करणं, हा मूळ उपाय. माझ्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांचं एक मोठं इंजेक्शन मोडून दर आठवड्याला छोटं केलं. इंजेक्शननंतरच्या सुरुवातीच्या दिवसांतली चिडचिड आणि शेवटच्या आठवड्यातली मरगळ, दोन्ही गेलं.

इंजेक्शनऐवजी टेस्टोस्टेरॉनचं जेल अंगाला लावणाऱ्यांनी मात्र लावलेली जागा झाकल्याशिवाय लेकरांना उचलू नये. औषध त्यांच्या अंगाला लागतं.