तिशीनंतर माणसाचा स्वभाव बदलतो का?

अशोकचौककर
आमच्या यंत्रमाग कारखान्यात एकाला कामावर घेतलं नाही. कारण काय, तर विशीत त्यानं मारामारी केली होती. आज तो चाळिशीचा आहे. मुकादम म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो. तिशीपर्यंत स्वभाव घट्ट होतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली लिहिलं होतं. पण २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ चाललेल्या ९२ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात विशी ते चाळिशी या काळात जबाबदारीची जाणीव आणि मनाची स्थिरता चांगलीच वाढलेली दिसते.

भवानीपेठकर
दादा, ही सरासरी झाली. सगळेच थोडे निवळतात, पण वर्गातला सर्वात तापट पोरगा साठीतही बाकीच्यांपेक्षा तापटच असतो. जुळ्यांच्या अभ्यासांत स्वभावातल्या फरकाचा जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक निघतो, तो कुठं जाणार? माझे वडील माग सोडून घरी बसले, तरी पाहुण्यांच्या घरची चादर दिसली की काठावरून अंगठा फिरवतात आणि सुटलेला धागा यजमानाला दाखवतातच.

अशोकचौककर
मग स्कॉटलंडचं काय? १९५० साली चौदा वर्षांच्या मुलांचे स्वभावगुण शिक्षकांनी नोंदवले होते. तीच माणसं ७७ वर्षांची झाल्यावर तपासली, तर दोन्हींत जवळपास संबंधच उरला नव्हता.

भवानीपेठकर
तेव्हा मापणारे शिक्षक, नंतर ती माणसं स्वतः आणि त्यांच्या ओळखीचे. मापच बदललं, तर फरक माणसात पडला असं कसं म्हणणार?

विडीघरकुलची लेक
माझी आत्या विड्या वळायची. तपासणारा मूठभर विड्या खराब म्हणून फेकायचा, पैसे कापायचा, ही खाली मान घालून पुढचं पान कापायला घ्यायची. काका गेल्यावर बचत गटाचा हिशोब तिच्याकडं आला. आता बँकेत साहेबाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसते आणि व्याज कसं लावलं ते विचारते. घरातही तशीच झालीय, आम्हा पोरींना कुणापुढं गप्प बसू देत नाही.

भवानीपेठकर
ताई, धीर तिच्यात आधीपासून असणार. वेळ आली तेव्हा दिसला.

विडीघरकुलची लेक
वीस वर्षं रोज तशी वागतेय, दादा. आता तिचा खरा स्वभाव कोणता म्हणायचा, हा की तो? आत लपलेलं होतं असं म्हटलं, की बदल कधी सिद्धच होणार नाही. आणि तिनं कष्टानं कमावलेलं श्रेय नशिबाला जातं. ते मी जाऊ देणार नाही.