ऑकमधे सोयाबीनची बेरीज कमी येतीय, कुठं चुकतंय?

मोंढ्यातला मुनीम:
राम राम मंडळी. लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानावर हिशोब बघतो. तीन हंगामाच्या सोयाबीनच्या पट्ट्या सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाईल) करून एकाच फाईलीत टाकल्यात, रकाने म्हणजे तारीख, शेतकरी, कट्टे, क्विंटल, रक्कम. मालकाला शेतकरीवार बेरीज पाहिजे. एक्सेलमधे उघडलं की लॅपटॉप गप बसतोय म्हणून उबुंटूवर (लिनक्स) ऑकनं, म्हणजे ओळी-रकाने वाचून हिशोब करणाऱ्या कमांडनं करावं म्हणलं, तर बेरीज वहीपेक्षा लै कमी, काही जणांची तर सरळ शून्य, आणि एरर काहीच नाही. वर युनिकला (दुबार ओळी काढायची कमांड) नावं दिली तर तेच नाव चार-चारदा येतंय. दोन दिवस झाले डोकं चालेना गेलंय, सांगा की कुणीतरी.

टर्मिनलवेडा:
युनिकचं सोप्पंय, ते फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी काढतं, लांबची बघतच नाही. आधी सॉर्ट मारा मग युनिक, नाहीतर सरळ सॉर्ट हायफन यू. तसं ऑक वापरायलात तर त्याची गरजच नाही, नाव हीच किल्ली धरून ॲरेत क्विंटल मिळवत जायचं आन् एंडमधे, म्हणजे फाईल संपल्यावर, छापायचं.
पण सॉर्टचा निकाल बाणानं (>) त्याच फाईलीत टाकू नका बरं. मी गावची आख्खी पीकविम्याची यादी तशी घालवलीय, शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) आधी फाईल रिकामी करतं आणि मग सॉर्टला बोलावतं, त्यानं वाचायचं काय मग? त्याच फाईलीत पाहिजे असंल तर हायफन ओ.

परभणीकर ताई:
दादा, शून्य येतंय त्या ओळी डोळ्यानं बघितल्या का? माझी पैज, कुणीतरी आकडे मराठीत टाइप केलेत. ऑकला मराठी ४२ म्हणजे नुसती अक्षरं, अक्षरांची किंमत ते शून्य धरतं आणि तक्रारही करत नाही. आमच्या बचत गटाच्या हिशोबात हेच झालतं, आम्ही एकमेकींवर संशय घेऊन बसलो.
टीआरनं (अक्षरं बदलायची कमांड) बदलायला जाऊ नका. उबुंटूवरचं टीआर एकेक बाइट बघतं आणि यूटीएफ-८ मधे (अक्षरं साठवायची पद्धत) मराठीचा एक आकडा ३ बाइटचा, नुसती खिचडी होते. सेड ह्या मजकूर बदलायच्या कमांडचा वाय घ्या: वाय, तिरपी रेघ, शून्य ते नऊ मराठीत, तिरपी रेघ, तेच इंग्रजीत, परत तिरपी रेघ. दोन्हीकडची लांबी जुळत नाही अशी एरर आली तर लोकॅल (भाषेची सेटिंग) यूटीएफ-८ वर नाही असं समजा. जागच्या जागी बदलणार असाल तर हायफन आय ला चिकटून डॉट बॅक लावा, जुनी फाईल राहते.
आणि रक्कम १,२५,००० अशी असंल तर तो स्वल्पविराम रकानाच फोडतो. कॅल्कमधून (लिबरऑफिसचं एक्सेल) टॅबवाली फाईल काढा, ऑकला टॅब सांगा, उरलेले स्वल्पविराम ऑकच्याच जीसबनं उडवा.

मोंढ्यातला मुनीम:
ताई, पैज जिंकलात. एका हंगामाचे सगळेच आकडे मराठीत निघाले, आधीचा मुनीम तसंच लिहायचा. आता बेरीज लागतीय, पण एक कऱ्हाळे दोन ओळीत येतायत. नाव हुबेहूब, मागं स्पेस पण नाही, सॉर्ट केलं तरी वेगळेच.

परभणीकर ताई:
हा तर आपल्या मराठीचाच घोळ आहे. कऱ्हाळेतला तो आडवा र दोन तऱ्हेनं टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत. दुसरा, साधा र, हलंत आणि मागं न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण). दिसायला दोन्ही सारखे, आत बाइट वेगळे. दोन्ही ओळी हेक्सडंपमधे (बाइट आकड्यांत दाखवणारी कमांड) टाका, एकीत ई२ ८० ८डी सापडंल, तोच हा झेडडब्ल्यूजे. त्या नावातला तेवढाच तुकडा कॉपी करून सेडच्या एस नं (शोधून बदलायचं) एकसारखा करा, पण टर्मिनलवर नको, छोट्या स्क्रिप्ट फाईलीत लिहा, टर्मिनल कधीकधी न दिसणारं अक्षर खाऊन टाकतं.

टर्मिनलवेडा:
हे मला पण माहीत नव्हतं. आमच्याकडं गोऱ्हे हायेत, बघावं लागंल.

मोंढ्यातला मुनीम:
बसलं! दोन्ही कऱ्हाळे एक झाले. आता पूर्ण बेरीज वहीपेक्षा ४ क्विंटल जास्त येतीय, तीनदा करून बघितली. वहीच चुकलेली दिसतीय, ती मालकांनी स्वतः लिहिलीय. त्यांना कसं सांगायचं ह्याची कमांड असंल तर सांगा.