दहा महिन्यांच्या कासवाची पाठ उंचसखल होतेय, तब्येत कशी ओळखू? (नागपूर)

जास्वंद_मनीषनगर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सुल्काटा जातीचं कासव आहे, दहा महिन्यांचं. मामेभावाची बदली झाली तेव्हा त्याने माझ्याकडे दिलं, कागदपत्रंही माझ्या नावावर झाली आहेत. त्याच्या पाठीवरची मधली तीन घरं (कवचाचे तुकडे) आजूबाजूपेक्षा उंच झालीत. बोट फिरवलं की टेकाडं लागतात. जुन्या माशांच्या काचेच्या टाकीत, खिडकीजवळ ठेवलंय, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं. वर लाल बल्ब आहे. पालक, काकडी, मधूनच संत्र्याची एक फोड देते. थंडीत फार कमी खाल्लं, आता खातंय.

ज्या दुकानातून ते घेतलं होतं तिथे विचारलं तर म्हणाले, पाठीला खोबरेल चोळा. शेजारी एक कासव आहे, तेही दहा महिन्यांचं म्हणतात, पण आमच्या दुप्पट आहे. त्याच्या पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत आणि घरं तर आणखीच उंच. आमचं आजारी आहे की नुसतंच लहान? रात्री झोपताना हाच विचार येतो. कोणी अनुभवी असाल तर कृपया सांगा.

लिंबोणी
ताई, आधी तुलना सोडा. चांदण्यांवालं ते तारा कासव असणार. त्याच्या पाठीवर उंचवटे जंगलातही असतात, सुल्काटाची पाठ मात्र गुळगुळीत घुमटासारखी हवी. आणि तारा कासव तर सुल्काटापेक्षा सावकाश वाढतं, त्यामुळे दुप्पट असेल तर ते दहा महिन्यांचं नाहीच.

दुसरं म्हणजे तारा कासव घरी ठेवता येत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शेजाऱ्यांना प्रेमाने समजावा, वनविभागाच्या 1926 वर फोन करायला सांगा. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला जखमी नि जप्त प्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. बाहेर कुठेतरी सोडून देऊ नका म्हणावं. तुमच्या सुल्काटाची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद झाली आहे ना, तेवढं बघून घ्या. 2024 च्या नियमांत ती लागते.

तेलंगखेडीकाठ
ताई, खोबरेल आजच बंद करा. त्याने पाठ चकाकते, धूळ चिकटते, फायदा शून्य.

खिडकीच्या काचेतून ऊन दिसतं, पण कॅल्शियम अंगी लागायला लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. लाल बल्ब नुसती ऊब देतो. म्हणजे तुमच्या पिल्लाला आजवर खरं ऊन मिळालेलंच नाही. यूव्हीबी ट्यूब घ्या. ती दिसायला पेटत राहिली तरी किरण कमी होत जातात, वर्षभराने बदलावी लागते. जोडीला सकाळी सात-आठच्या दरम्यान उघड्या टोपलीत बाहेर ठेवा, अर्धी टोपली सावलीत. काचेची टाकी मात्र उन्हात कधीच नको. आपल्या एप्रिल-मेमध्ये त्यात पिल्लू थोड्या वेळात भाजून मरतं.

आता आजारी आहे का ते असं बघा. हातात घ्या. आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे, रिकाम्या करवंटीसारखं हलकं नको. पोटाकडची बाजू अंगठ्याने अगदी हलके दाबा. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाची थोडी लवते, दहा महिन्यांची लवली तर हाडं कच्ची राहिलीत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळे उघडे नि कोरडे आहेत का, नाकातून बुडबुडे येतात का, चालताना पोट जमिनीवरून उचलतं का, हेही बघा. लघवीबरोबर पांढरं येतं ते दह्यासारखं मऊ असेल तर ठीक, रेतीसारखं खरखरीत असेल तर पाणी कमी पडतंय.

जास्वंद_मनीषनगर
आताच बघितलं. पोट लवत नाही, डोळे-नाक स्वच्छ आहेत. पण पांढरं खरखरीतच आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन 118 ग्रॅम भरलं. हे कमी आहे का?

उंबरसावली
काकू म्हणू की ताई, कळत नाही, पण घाबरू नका. एका आकड्यावरून काही ठरत नसतं. दर रविवारी सकाळी, खाऊ घालायच्या आधी वजन करा आणि वहीत लिहा. आकडा हळूहळू चढता हवा. सलग दोन-तीन आठवडे उतरला तर काळजीचं. लांबी मोजताना पाठीवरून टेप फिरवू नका, पुढून मागे सरळ रेषेत मोजा.

माझा सुल्काटा सहा वर्षांचा आहे आणि पहिल्या वर्षी त्याची पाठ अशीच झाली होती. प्रथिनं जास्त झाली म्हणून होतं, असं मला सगळ्यांनी सांगितलं. पण 2003 साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी सुल्काटाच्या पिल्लांवरच अभ्यास केला, त्यात कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठी जास्त उंचावल्या. प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. नागपूरच्या उन्हाळ्यात ओठ फुटतात आपले, तिथे या जिवाचं काय होत असेल!

म्हणून टाकीवर बरंचसं झाकण घाला, खाली ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), रेती नको. आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास. बल्बखाली 35 ते 38 अंश, रात्री 26 च्या खाली नको. ऊब असेल तर ओल बाधत नाही, गार ओल छातीत बसते. कूलरचा झोत म्हणूनच तिकडे जाऊ देऊ नका. रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खाली. ते पितं, तिथेच लघवी करतं, खरखर आठवड्या-दोन आठवड्यांत जाईल.

संत्री पूर्ण बंद, आपली कितीही गोड असली तरी. पालक कॅल्शियम बांधून ठेवतो, तोही नको. हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, नागफणीचं काटे काढलेलं पान हे मुख्य अन्न. इतवारीत काष्ठौषधीवाल्यांकडे समुद्रफेन मिळतं, त्याचा तुकडा ठेवा, हवं तेवढं ते स्वतः कुरतडतं.

टेकाडं बसतील का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. नाही बसत. दोन घरांच्या मधली फिकट रेघ बघा, तिथे नवी वाढ येते. ती सपाट येत असेल तर तुमचं बरोबर चाललंय. माझ्याकडच्याची पहिल्या वर्षाची टेकाडं अजून तशीच आहेत, भोवतीची पाठ मात्र सरळ आली.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एकदा दाखवून आणा. आणि कुठल्याही डॉक्टरकडे जंताचं औषध दिलं तर नाव विचारा. आयव्हरमेक्टिन कुत्र्या-गुरांना चालतं, कासवाला जीवघेणं आहे. नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

जास्वंद_मनीषनगर
पाच आठवड्यांनी लिहितेय. वहीतले आकडे: 118, 119, 123, 128, 134. पांढरं आता मऊ येतं. काल मोबाईलच्या उजेडात मधल्या घराभोवती तांदळाच्या दाण्याएवढी रुंद फिकट पट्टी दिसली, बोट फिरवलं तर सपाट लागली. शेजाऱ्यांनीही फोन केला, परवा वनविभागाची माणसं येऊन त्यांचं कासव घेऊन गेली. त्यांची मुलगी खूप रडली, तिला मी रविवारी वजन करायला बोलावलंय.