दाखल नोंदवही ते कोहा: मराठी शीर्षकं शोधात का येत नाहीत?

देवघेव_खिडकी

नमस्कार मंडळी. तालुका 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय, पुस्तकं साधारण चौदा हजार, दाखल नोंदवह्या (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकानं नोंदवायच्या वह्या) नऊ, पहिली १९५१ ची. साडेपाच हजार नोंदी गूगल शीटमध्ये भरून झाल्या आहेत. भरणारे तिघे, प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा. शिवाय तीनेक हजार नोंदी जुन्या एक्सेल फाइलमध्ये श्रीलिपीत आहेत. कोहा, म्हणजे वाचनालयाचं सॉफ्टवेअर, भाड्याच्या सर्व्हरवर बसवलेलं आहे. चाचणी म्हणून २०० पुस्तकं चढवली, तेव्हा हे दिसलं:

शीर्षक डोळ्यांना अक्षर न् अक्षर तेच, पण शोधात येत नाही. बहुतेक वेळा शब्दात 'ॲ' किंवा 'ऱ्या' असतो. काही आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ९.७८ई+१२ असे झालेत. एका पुस्तकाच्या पाच प्रती पाच वेगळी पुस्तकं म्हणून दिसतात. बालविभागाची वही पुन्हा १ पासून सुरू होते, मग बारकोडला दाखल क्रमांक द्यायचा कसा?

आधी शीट दुरुस्त करावी की सगळं चढवून कोहात एकेक नोंद नीट करावी? कार्यकारिणी म्हणते, चढवून टाका.

अक्षरजुळणी

चढवू नका. शीटमध्ये एका सूत्रानं पाच हजार ओळी सुधारतात, तेच कोहात पाच हजार वेळा नोंद उघडून करावं लागेल.

शोधाचं कारण असं. डोळ्यांना एक दिसणारं अक्षर संगणकात दोन-तीन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. रिकाम्या खान्यात 'ॲप' लिहा आणि लेन फंक्शननं लांबी मोजा. उत्तर २ आलं तर ॲ हे एकच अक्षर आहे. ३ आलं तर ते 'अ' आणि वर स्वतंत्र चंद्र असं जोडून लिहिलेलं आहे. दिसायला सारखंच, पण यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'ऑफिस'चंही तेच: कुणी 'ऑ' टंकतं, कुणी 'आ' वर चंद्र ठेवतं.

'ऱ्या'ची गोष्ट जास्त नाजूक आहे. 'दऱ्या' म्हणजे डोंगरदऱ्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' लिहायच्या दोन रीती चालतात. एकीत पाय मोडलेला 'ऱ' (टिंबाचा र), लांबी ५. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर: 'दर्‍या', लांबी ६. हा जोडक काढून टाकला की उरतं ते 'दर्या'. नेटवर 'सगळी अदृश्य चिन्हं काढा' असा सल्ला मिळतो. तो डोळे झाकून मानला तर डोंगराचं पुस्तक समुद्रात जातं आणि 'आचाऱ्यास'चं 'आचार्यास' होतं. म्हणून क्रम पाळा.

मूळ रकान्याला हात लावू नका, शेजारी नवा रकाना घ्या. सबस्टिट्यूट (एक अक्षर काढून दुसरं घालणारं) आणि यूनिकॅर (युनिकोड क्रमांकावरून अक्षर देणारं) ही दोन फंक्शनं पुरतात. खालचे आकडे हे ते क्रमांक. पहिल्या फेरीत २३५२, २३८१, ८२०५ या तिघांच्या जागी २३५३, २३८१ आणा. इथे र-हलन्त-जोडकाचा ऱ-हलन्त होतो. दुसऱ्या फेरीत उरलेले ८२०५ आणि ८२०४ काढा. ८२०४ हा तोडक, 'वाङ्‌मय' लिहिताना बरेच जण घालतात. वाचनालयाच्या यादीत हा शब्द पावलोपावली येतो, तेव्हा ही फेरी चुकवू नका. तिसऱ्या फेरीत २३०९, २३७३ च्या जागी २४१८ (ॲ) आणि २३१०, २३७३ च्या जागी २३२१ (ऑ). शेवटी ट्रिम, म्हणजे मागे-पुढे राहिलेली रिकामी जागा जाते. मग नवा रकाना 'फक्त मूल्ये' म्हणून चिकटवा.

एक चूक सूत्रानं सुटत नाही. 'दुःख'मधल्या विसर्गाऐवजी कोलन टंकलेला असतो: 'दु:ख'. सरसकट बदललात तर शीर्षक आणि उपशीर्षक यांच्यातले खरे कोलनही विसर्ग होतील. कोलन असलेल्या ओळी गाळणीनं वेगळ्या करा आणि डोळ्यांनी पाहा.

श्रीलिपीची फाइल हे वेगळं काम. तिथे साठवलेली अक्षरं मुळात रोमन आहेत, फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, वरच्या फेऱ्या नंतर. नेमका कुठला फॉन्ट वापरलाय ते खान्यावर क्लिक करून पाहा, कारण फॉन्टच्या प्रत्येक कुळाला रूपांतरक वेगळा लागतो. आधी फक्त ५० ओळी रूपांतरित करून नोंदवहीशी मोठ्यानं वाचून ताडा. बिघडतं ते ठरावीक जागी: रफार, पहिली वेलांटी, 'ऱ्ह', 'ङ्म', 'ज्ञ'. एकाच जागी वारंवार बिघडत असेल तर तो एक बदल सगळ्या फाइलला लावता येतो.

आणि पुढच्या नोंदींसाठी तिघांनाही एकच कीबोर्ड द्या. इनस्क्रिप्ट असेल तर सगळ्यांना इनस्क्रिप्ट.

तालिका_२४५

अक्षरजुळणी यांच्याशी सहमत. त्यात एक भर: सर्व्हर सांभाळणाऱ्यांना विचारा की झेब्राची, म्हणजे कोहाच्या शोधयंत्राची, शब्दसूची आयसीयू (युनिकोडचे शब्द नीट ओळखणाऱ्या) पद्धतीनं बनते का. देवनागरीला तीच लागते. नसेल तर बदलून घ्या आणि पूर्ण सूची नव्यानं बांधायला सांगा. नुसता बदल करून सूची न बांधता सोडली तर जुन्या नोंदी जशाच्या तशा हरवलेल्या राहतात.

आयएसबीएन: एक्सेल तेरा आकडी संख्या आखडून दाखवतं. एक्सेलच्या स्वतःच्या फाइलमध्ये आकडे शाबूत असतात, रकाना 'टेक्स्ट' न करता 'नंबर, शून्य दशांश' केला की दिसतात. पण तीच फाइल त्या अवस्थेत सीएसव्ही म्हणून जतन केली तर मधले आकडे कायमचे गेले, पुस्तक हातात घेऊन पुन्हा भरण्यावाचून इलाज नाही. यापुढे रकाना भरण्याआधीच 'साधा मजकूर' करा. दहा आकडी जुन्या इंग्रजी पुस्तकांचा पहिला शून्यही त्यामुळे वाचतो. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतोच, तिथे खाना रिकामा ठेवा, '०' किंवा 'नाही' लिहू नका.

शीटमधून फाइल उतरवताना सीएसव्हीऐवजी टॅबवाली टीएसव्ही घ्या. मराठी शीर्षकांत स्वल्पविराम फार. मग मार्कएडिट या प्रोग्राममधलं डिलिमिटेड टेक्स्ट ट्रान्सलेटर, ते ओळींच्या मार्क साच्यातल्या नोंदी करतं. जोडणी अशी (आकडा म्हणजे मार्कचं क्षेत्र, अक्षर म्हणजे उपक्षेत्र): लेखक १०० ए, शीर्षक २४५ ए, उपशीर्षक २४५ बी, प्रकाशनस्थळ-प्रकाशक-वर्ष २६० ए-बी-सी, वर्गांक ०८२ ए, पुस्तकाचा प्रकार ९४२ सी. प्रतीची माहिती ९५२ मध्ये: ए आणि बी शाखेचा संकेत, वाय प्रकार, पी बारकोड, ओ बोधांक (कपाटातली जागा सांगणारा क्रमांक), डी दाखल तारीख, जी किंमत, आय दाखल क्रमांक. यूटीएफ-८ ची खूण करायला विसरू नका. लीडरच्या, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या ठरावीक भागाच्या, ९व्या स्थानी 'ए' नसेल तर कोहा फाइल जुन्या लिपिसंचातली समजतं आणि मराठीचा भुगा होतो.

९५२ मधले शाखा आणि प्रकाराचे संकेत कोहाच्या प्रशासन विभागात आहेत तसेच्या तसे हवेत. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं, इंग्रजी आकड्यांत.

प्रतींबद्दल. पाच ओळी म्हणजे पाच नोंदी, हे होणारच. शीट शीर्षक, लेखक, प्रकाशक अशी लावून घ्या आणि एका पुस्तकाची एकच ओळ करा. प्रतींचे बारकोड पुढच्या रकान्यांत, आणि प्रत्येक रकान्याला वेगळं ९५२ जोडा. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर एकाच नोंदीखाली चालेल. सुधारित आवृत्तीला मात्र स्वतंत्र नोंद द्या, वाचक तीच मागायला येतो.

१९५१ च्या वहीत दोन गोष्टी अडवतील. किंमत रु. ३-८-० अशी असेल, म्हणजे तीन रुपये आठ आणे. कोहाला ३.५० लागतं. सोळा आण्यांचा रुपया, एक आणा सव्वासहा पैशांचा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, तोवरच्या सगळ्या किमती तपासा. दुसरं म्हणजे शके. मुखपृष्ठावर शके १८७५ असेल तर ७८ मिळवून १९५३ भरा आणि शकाचा उल्लेख ५०० च्या टिपेत करा. शके तसाच वर्षाच्या रकान्यात गेला तर पुस्तक एकोणिसाव्या शतकातलं ठरतं.

लेखकाचं नाव 'आडनाव, नाव' अशा एकाच रूपात ठेवा. टोपणनावांसाठी अधिकृत नामसूची वापरा. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकमेकांकडे बोट दाखवणार नाहीत, तर कवितांचा वाचक नाटकांपर्यंत पोचत नाही.

बारकोड म्हणून दाखल क्रमांक सहा आकडी करा: ३४७ चा ०००३४७.

लेबल_पासष्टी

शेवटच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. पुढचे शून्य कुठल्या ना कुठल्या फाइलमध्ये गळतातच, आणि बालविभागाच्या ३४७ शी टक्कर राहतेच. मुख्य विभागाला १००००० मिळवा, बालविभागाला ५०००००. मग १००३४७ आणि ५००३४७. शेवटचे आकडे पाहून वहीतली ओळ सापडते, शून्य गळत नाही. 'बा' किंवा कुठलंही अक्षर बारकोडमध्ये घालू नका. स्कॅनर संगणकाच्या लेखी कीबोर्डच असतो. मराठी कीबोर्ड चालू असताना स्कॅन केलं की अक्षराच्या जागी देवनागरी उमटतं आणि कोहा 'बारकोड सापडला नाही' म्हणतं.

छपाईसाठी कोड १२८ हा बारकोडचा प्रकार निवडा. ए-४ च्या ६५ लेबलांच्या कागदावर एक लेबल ३८.१ बाय २१.२ मिमीचं असतं. ०.३३ मिमीच्या रेघेनं सहा आकडे कोड १२८ मध्ये दोन्हीकडच्या कोऱ्या जागेसकट २९ मिमीत बसतात. त्याच रेघेत कोड ३९ चाळीस मिमीच्या पुढे जातो, कडेला कापला जातो आणि वाचला जात नाही. छापताना 'पानात बसवा' नको, 'मूळ आकार १०० टक्के'. आधी साध्या कागदावर छापून लेबलांच्या पानामागे उजेडात धरा.

चिकटवायचं मलपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात, सगळ्या पुस्तकांना एकाच जागी. प्लास्टिकचं कव्हर घालणार असाल तर लेबल कव्हरवर नको, कव्हर बदललं की क्रमांक गेला. वरून चकचकीत टेप लावू नका, स्कॅनरचा उजेड परततो. आतल्या पानावर हाच क्रमांक पेनानं लिहा.

देवघेव_खिडकी

खूप खूप आभार. आजच लेन लावून पाहिलं, पहिल्या शंभर ओळींत 'ॲ' दोन्ही तऱ्हांनी आहे. दोन प्रश्न उरले. मोबाइलवर रोमनमध्ये शोधणारे सभासद आहेत, त्यांच्यासाठी शीर्षक रोमनमध्येही द्यावं का? आणि निर्गम सहायक (खिडकीवर पुस्तकं देणारे) काकांची निवृत्ती चार वर्षांवर आहे, त्यांना कोहावर कसं बसवावं?

तालिका_२४५

रोमन शीर्षक २४६ ए मध्ये देता येतं, पण माझ्या मते सगळ्यांना देऊ नका. 'श' कुणी एसएच लिहितो कुणी एस, दीर्घ ई कुणी डबल ई कुणी आय. नियम ठरवून दिला तरी वाचक त्या नियमानं टंकत नाही. जास्त मागणीच्या तीन-चारशे पुस्तकांना द्या, बाकी वेळ नोंदी शुद्ध करण्यात घाला.

खिडकी_क्र_१

काकांसाठी. सर्व्हरवाल्यांकडून सरावाची वेगळी प्रत मागा, खऱ्या माहितीवर शिकवू नका. त्यांना स्वतःचं खातं द्या. अधिकार फक्त देवघेवीचे, नोंदी पुसण्याचे नकोत. मग हात बिनधास्त चालतो. वीस पुस्तकं, पाच खोटे सभासद, आणि रोज अर्धा तास तीनच गोष्टी: देणं, घेणं, मुदत वाढवणं. ऑल्ट आणि यू देण्यासाठी, ऑल्ट आणि आर घेण्यासाठी, हे स्क्रीनखाली मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. स्कॅनर क्रमांकापाठोपाठ एंटर स्वतःच देतो, हे आधी सांगा. नाहीतर सवयीनं पुन्हा एंटर दाबला जातो.

लाल सूचना आली की पुसून पुढे न जाता मोठ्यानं वाचायची, एवढी एक सवय लावा. 'हे पुस्तक कुणाच्याच नावावर नाही' आणि 'हे पुस्तक दुसऱ्याच्या नावावर आहे' या दोन सूचनांत काय करायचं हे काकांना तुमच्या-आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. फक्त ते खिडकीत आजवर कार्डावर पाहत आले, इथे पडद्यावर आहे.

देवघेवीचे नियम मात्र आधीच भरून ठेवा: सभासदाचा प्रकार, पुस्तकाचा प्रकार, किती पुस्तकं, किती दिवस. नियम नसेल तर कोहा पुस्तक देऊ देत नाही, आणि काकांना वाटतं आपलंच काही चुकलं.

वीज गेली तर कागदावर सभासद क्रमांक, बारकोड, वेळ आणि 'दिलं' की 'घेतलं'. वीज आल्यावर त्याच क्रमानं भरायचं. एकच पुस्तक सकाळी परत येऊन दुपारी दुसऱ्याकडे गेलेलं असतं, क्रम उलटला तर ते परत आल्याचं दिसेल आणि नव्या वाचकाच्या नावावर काहीच राहणार नाही.

अक्षरजुळणी

चढवण्याआधी एक. ५० ओळींची फाइल करा आणि त्यात मुद्दाम अवघड नोंदी घ्या: ॲ, ऱ्या, वाङ्मय, विसर्ग, पाच प्रती, आण्यांची किंमत, शके, बालविभाग. कोहात फाइल आधी 'स्टेज' होते, म्हणजे तात्पुरती ठेवली जाते, तिथे नोंदी किती आणि प्रती किती हे आकडे येतात. ते शीटशी जुळले तरच आयात करा. बारकोड दुबार असेल तर कोहा ती प्रत घेत नाही, म्हणून आयातीत प्रतींचा आकडा कमी आला की आधी दुबार शोधा. सगळ्या प्रतींचे बारकोड एका रकान्यात घेऊन क्रमानं लावा आणि प्रत्येक खाना वरच्याशी ताडा. आयात करूनही चुकलं तर स्टेज केलेल्या नोंदींच्या पानावर ती मागे घेता येते, पण पुस्तकं देवघेवीत जाण्याआधीच.

दाखल नोंदवही हातानं भरणं चालू ठेवा. आणि सभासदांचे फोन-पत्ते या शीटमध्ये नकोत. ही शीट 'लिंक असलेला कुणीही' अशी उघडी असेल तर आजच बंद करून तिघांच्या ईमेलपुरती ठेवा.