अनुभव धागा : मत आधीच बनलेलं असतं

लोकांनी आपल्याला कसं तोललं, ते नको. आपण कुणाला चुकीचं तोललं, ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

पुण्यात, हिंजवडीच्या आयटी कंपनीत मुलाखती घेते. परभणीकडची एक मुलगी आली होती. एसक्यूएलचे, म्हणजे डेटाबेसच्या भाषेचे, चारही प्रश्न तिने न अडखळता सोडवले. मध्ये एकदा म्हणाली, "मॅडम, पानी मिळंल का?" ती गेल्यावर शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'कम्युनिकेशन कच्चं'. बोलायचंय क्लायंटशी, इंग्रजीत. आणि इंग्रजीत 'ण' असतो तरी कुठे? शेरा खोडला, पण आधी लिहिला होताच.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास तेव्हा आठवला. नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. तिथे नुसते कागद होते, माझ्यासमोर तर माणूस बसला होता.

कॅम्पातून : मी डॉक्टर, आणि बाई. पेशंट 'सिस्टर' म्हणतात ही तक्रार बारा वर्षं करतेय. नव्या हॉस्पिटलात पहिल्याच रात्री बेडपाशी उभ्या उंच माणसाला विचारलं, "सर, हा पेशंट तुमचा का?" ते ब्रदर होते. बिचारे लाजले. मी जास्त.

एरंडवण्यातून : कर्वे रोडवर पुढची स्कूटी उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळली. "बाईच असणार!" (मीही बाईच, बरं का.) जवळून पाहिलं, तर स्कार्फमधून दाढी डोकावत होती.

बाणेरमधून : नाही पटत. फ्लॅट माझा, हप्ते मी भरतो. भाडेकरू मीच ठरवणार, त्यात पूर्वग्रह कसला?

– काका, ठरवा की. पण "मुलगा बँकेत आहे" असं एजंटने सांगितल्यावर तुमचा पुढचा प्रश्न काय असतो?

– आडनाव. सगळेच विचारतात.

सदाशिव पेठेतून : शाळेत मराठी शिकवते. यंदा दुसऱ्या तुकडीच्या बाईंशी पेपरांचा गठ्ठा बदलला. माझ्या लाडक्या मुलीच्या निबंधाला त्यांनी दहापैकी सहा दिले. माझ्याकडे तिचे आठ ठरलेले. आधी रागच आला. मग निबंध वाचला. विषय होता 'पहिला पाऊस', आणि पाऊस शेवटच्या परिच्छेदात पडला होता.